बंबाच्या नळातली चकती

आमच्या घरात आंघोळीचं पाणी तापवायची ती आई. आणि घरात बारा महिने थंड पाण्यानं आंघोळ करायची तीही आईच. आज हे लिहिताना माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तेव्हा मात्र कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं, मला तर मुळीच नाही. मी आरामात उठे आणि कढत पाण्याची बादली मोरीत तयार असे.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. अमरावतीत आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो. बाबा हायस्कुलात मास्तर होते. घरात माणसं चारच: बाबा, आई, मी आणि बाबांची थोरली बहीण, बाबा तिला अक्का म्हणत. आत्या फार लहानपणी विधवा होऊन माहेरी परतली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण हाताला डोळे होते. दिवसभर ओसरीवर बसून कापसाच्या वाती वळायची, सूत काढायची. जेवायची दिवसातून एकदाच, आणि ते सोवळ्यातलंच लागायचं. दिसत नसल्यामुळे तिचा भात आईच करायची, म्हणून आईची आंघोळ सगळ्यांच्या आधी.

परसात चुलाण होतं, त्यावर हंडा. पहाटे उठून आई त्यात पऱ्हाट्या कोंबायची. कापूस वेचून झाला की शेतात ज्या वाळक्या काड्या उरतात त्या पऱ्हाट्या, आमच्याकडे घरोघरी जळण तेच. पेटतात भकाभक, विझतातही लगेच, आणि धूर असा की पुसू नका. फुंकणी घेऊन समोर ठाण मांडावं लागे. हंडा तापायला चांगला तास लागायचा. तेवढा वेळ आई थांबली असती तर देवाचा नैवेद्य, आत्याचा भात आणि बाबांची शाळा, सगळंच रखडलं असतं. म्हणून ती चुलाण पेटतं करून विहिरीचं पाणी अंगावर घ्यायची आणि ओल्या केसांनी स्वयंपाकघरात शिरायची. स्वयंपाकघरातली चूल तर आंघोळीवाचून पेटवायचीच नाही, तेव्हा तिथे तांब्याभर पाणी तापवून घेण्याचाही प्रश्न नव्हता.

मी अकरा वर्षांची होते त्या पावसाळ्यात आईला खोकला लागला तो जाईचना. रात्री उशीला टेकून बसायची, छातीतून बासरीसारखा आवाज यायचा. बाबांनी डॉक्टर आणले. त्यांनी छाती तपासली, परसात जाऊन चुलाण पाहिलं, आईची आंघोळ कधी नि कशी ते विचारलं आणि बाबांना दारापर्यंत नेऊन सांगितलं. मी दारामागेच होते.

"मास्तर, औषध देतो. पण धूर बंद करा आणि थंड पाणी बंद करा. दोन्ही. नाहीतर ह्या बाईंना हा हिवाळा जड जाईल."

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. पाणी तापवायचं कशावर? बाबांच्या अंगात मास्तर मुरलेला. कोणताही प्रश्न आला की फळ्यावर गणित मांडल्यासारखा मांडायचे. हंडा भर उन्हात ठेवून पाहिला. वऱ्हाडाचं ऊन, वैशाखात त्या पाण्यानं हात पोळेल, पण आश्विनात नुसतं कोमट, आणि तेही दुपारी दोनला. दुपारी दोनला आंघोळ करून कोणाचा भात चढवणार? मग शेजारच्यांनी सुचवलं की जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, बॉयलर आहे, कापसाचा हंगाम सुरू झाला की कढत पाणी नालीत सोडतात, आसपासचे लोक बादल्या भरून नेतात, तुम्हीही आणा. आत्यानं ते ऐकलं मात्र, "बाप्पा! नालीतलं पाणी अंगावर घ्यायचं आता?" असं म्हणून वातींची टोपली बाजूला ठेवली. तो विषय तिथेच मिटला. राहिला बंब.

बंब आम्ही बड्या वकिलांच्या घरी पाहिला होता. तांब्याचं उभं पिंप, मधोमध नळकांडं. नळकांड्यात कोळसे नि लाकडाच्या ढलप्या टाकायच्या, भोवती पाणी. वर पाणी ओतायला तोंड, खाली राख पडायला जागा. चुलाणाच्या मानानं धूर नाहीच म्हणा, आणि पाणी तापतं चट्कन. अंगणात आग पेटवून दात घासून येईस्तोवर बादली तयार. म्हणजे आईला थांबायला नको. धूर गेला, थंड पाणी गेलं. आई पहिल्यांदा काही मागितल्यासारखं बोलली. "खरंच इतक्या लवकर तापते? मग मलेही होईन की आंघोळीला."

होईन की. हे तिचे शब्द मी आजन्म विसरले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत बाबा बंब आणायला अकोल्याला निघाले. तिथल्या तांबटआळीतलं काम नावाजलेलं. मी हट्ट केला म्हणून मलाही नेलं. बडनेऱ्याला गाडी बदलली. स्टेशनास्टेशनावर कापसाच्या गाठी रचलेल्या, मूर्तिजापूरला तर फलाट दिसेना. माझ्या परकराला, बाबांच्या काळ्या टोपीला, सगळीकडे कापूस. मी फार खुशीत होते.

तांबट म्हातारा होता, कानानं कमी. साऱ्या आळीत हातोड्यांचा ठणठणाट, त्यामुळे तो ओरडूनच बोले. त्यानं दोन बंब पुढे केले. एक जुन्या चालीचा: वरून थंड पाणी ओतलं की बाजूच्या तोटीतून तेवढंच गरम पाणी बाहेर पडायचं. त्यात दर वेळी भरली घागर डोक्याइतकी उंच उचलायची. दुसरा नव्या चालीचा, खाली पितळी नळ बसवलेला. एकदा भरून ठेवा, पिरगाळा, पाणी घ्या. बाबांनी नळाचाच धरला. आईच्या दंडात घागर उचलायचं त्राण नव्हतं, निवड बरोबरच होती. मी आजही तेच म्हणेन.

म्हाताऱ्यानं आमच्याकडे निरखून पाहिलं. बाबांच्या कपाळाचं गंध पाहिलं असावं.

"मास्तरसाहेब, घरी सोवळं हाये का?"

"काहून?"

"या नळात चामड्याची चकती राह्यते. पाणी गळू नये म्हणून. बामणाच्या घरी मंग बाया कटकट करते. तुमी म्हणान तर चकती काढून सुताचा पीळ भरून देतो, मेण लावून. थोडंसं ठिबकंल, पण काम चालते. चार घरी देल्लं म्या. आत्ताच्या आत्ता होते."

माझे बाबा सुधारक होते. सभांतून बोलायचे, सोवळ्याओवळ्यावर कडक बोलायचे, सगळ्या जातीच्या लोकांबरोबर पंगतीला बसून आले होते आणि त्यापायी नातलगांची बोलणी खाल्ली होती. मला त्यांचा कोण अभिमान! ते तांबटाला म्हणाले, "चकती राहू द्या. माझ्या घरी असलं खूळ मी पोसत नाही."

"जशी मर्जी," म्हातारा म्हणाला आणि बंब गोणपाटात बांधू लागला.

परतीच्या गाडीत बंब आमच्या दोघांच्या मध्ये उभा होता, तिसरा प्रवासी. मूर्तिजापूरला बाबांनी मला पेरू घेऊन दिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "त्या सुताचं घरी बोलू नको. अक्काला एकदा वाट दाखवली की ती दर गोष्टीत वाट काढायला लावंन. कधीतरी हे मोडलंच पाह्यजे. समजलं?"

समजलं म्हणजे काय, मी फुगून गेले. बाबा माझ्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलले होते. आईला नाही सांगितलं, मला सांगितलं. पेरू खात खात मी मान हलवली.

घरी आल्याआल्या बाबांनी पहार घेऊन स्वतःच्या हातानं चुलाण फोडलं. विटासुद्धा शेजाऱ्यांना देऊन टाकल्या. मोरीबाहेर पत्र्याखाली बंब बसवला, पेटवला. पाणी खरंच चट्कन तापलं. आई नळाखाली हात धरून हसली. आत्या ओसरीवरून चाचपडत आली, बंबाला हात लावून पाहिला, मग नळाला.

"पिरगाळ्याचा नळ आहे," ती म्हणाली. "सरकारी नळाले चामडं राह्यते म्हणतात. याले आहे का?"

बाबा म्हणाले, "आहे." खोटं बोलणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्या एका दिवशी बोलले असते तर काय बिघडलं असतं, असं माझ्या मनात किती वेळा आलं!

आत्या भांडली नाही. भांडली असती तर बरं. ती एवढंच म्हणाली, "तुमी सगळे करा आंघोळी. माझं काय, मी आता विहिरीचंच घेते. पण माझा भात ज्या हातानं होते तो हात चामड्याच्या पाण्यातून आलेला मले चालणार नाही." आणि जाऊन वाती वळत बसली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी आईला हुकूमच केला. आई बिचारी घाबरत घाबरत बंबाच्या पाण्यानं न्हाली. भात झाला, पान मांडलं. आत्या पानावर आलीच नाही. त्या दिवशी चार शेंगदाणे, दुसऱ्या दिवशी तेही नाही. रागावून नव्हे हो, अगदी शांतपणे. तिसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती विहिरीच्या रहाटाच्या आवाजानं. आई घागर ओढत होती.

झालं. पुढे सारा हिवाळा तसंच. आई उठायची, बंब पेटवायची, त्यात आमच्यासाठी पाणी भरायची आणि त्या तापत्या बंबाच्या शेजारी बसून थंड पाण्याचे तांबे अंगावर घ्यायची. डॉक्टरांचं अर्धं ऐकलं होतं आम्ही. धूर गेला होता. त्यामुळे मार्गशीर्षापर्यंत खोकला थोडा उतरलाही, आणि बाबा म्हणायचे, "पाहा, फरक पडला की नाही?"

दोघं बहीणभाऊ हट्टाला पेटले होते. बाबा म्हणत, "आज मी नळ काढला म्हणजे चामडं विटाळतं हे मी कबूल केलं. उद्या कोणत्या तोंडानं सभेत बोलू?" आत्या म्हणे, "मी कोणाले अडवलं? मी तर माझं जेवणच सोडून राहिली होती." दोघंही आपापल्या जागी खरे. खरेपणाला आग लागो त्या! मधल्या मध्ये गारठत होती ती माझी आई, आणि तिनं ब्र काढला नाही. फार तर, "जाऊ द्या ना, वन्संचं वय झालं," असं बाबांना म्हणे, आणि आत्याला म्हणे, "त्यांचं मनावर घेऊ नका वन्सं."

एकदा मी बोलणार होते. पौषातली सकाळ, मी लवकर उठून मोरीशी गेले. आईची आंघोळ चालली होती. तिचे दात इतके वाजत होते की ती नेहमी म्हणायची ते स्तोत्र मधेच तुटत होतं. ओठ निळे. मी म्हटलं, "आई, त्या नळात ना—"

"काय वो?"

मागे बाबा दात घासत उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे वटारले नाहीत, काही नाही, नुसतं पाहिलं. गाडीत पाहायचं टाळलं होतं तेवढं एकदम पाहिलं असं मला वाटलं. मी म्हटलं, "काही नाही. पाणी तापलं का?"

"केव्हाचंच," आई म्हणाली. "घे तू आधी, निवून जाईन."

मी घेतली आंघोळ. कढत पाण्यानं, भरपूर.

संक्रांतीनंतर आठवड्याभरात आईला ताप भरला. डॉक्टर आले, त्यांनी छातीला नळी लावली आणि या वेळी परसात गेले नाहीत. बाबांना एवढंच विचारलं, "थंड पाणी बंद केलं होतं ना?" बाबांनी खाली पाहिलं. डॉक्टर पेटी उघडून औषध काढू लागले. अळशीचं पोटीस, शेक, औषध, सगळं झालं. सहाव्या दिवशी सकाळी, मी तिच्या पायांना सुंठ चोळत होते तेव्हा, तिचे पाय आधीच गार होते म्हणून मला कळलंच नाही. चोळतच राहिले. शेजारच्या काकूंनी माझा हात धरून बाजूला केला.

मग बायका जमल्या. न्यायच्या आधी आंघोळ घालायची, त्याला ऊन पाणी लागतं. कोणीतरी म्हणालं, अंगणात तीन दगड मांडा. चुलाण नव्हतंच. तेवढ्यात आत्या उठली. भिंतीला हात लावत लावत मोरीपर्यंत गेली, बंबाला हात टेकवला, तो कोणीतरी सवयीनं पेटवून ठेवला होता. चाचपडत तिनं नळ शोधला आणि पिरगाळला. बादली भरली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आत्या म्हणाली, "पाहता काय? आणा तिले इथं."

आईच्या अंगावर त्या बंबाचं पाणी पुन्हा पडलं ते तेव्हा. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "ऊन आहे वो, ऊन आहे. घे." बाबा दारात उभे होते. ते आत आले नाहीत.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. घरात रांधायला आता मीच. चौदाव्या दिवशी पहाटे मी उठले, आईनं करायची तशी विहिरीवरून घागर आणली आणि मोरीत बसले. थंडीनं पहिला तांब्या ओतायचा धीर होईना. आत्या ओसरीवरून म्हणाली, "काय करून राहिली तू?"

"आंघोळ. तुझा भात टाकायचा आहे."

"बंबाचं घे. पेटव तो."

माझं डोकंच फिरलं. इतके दिवस डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते सगळं एकदम तोंडावाटे बाहेर आलं. "आता चालते? आता कसं चालते गं तुला? तेव्हा काहून नाही चाललं? माझी आई मेल्यावर चालते?"

आत्या वात वळत राहिली. ते पाहून मी आणखीच पेटले. "चामडं काढून नुसतं सूत भरलं असतं तरी झालं असतं! तांबटानं सांगितलं होतं! आत्ताच्या आत्ता करून देतो म्हणाला होता!"

तिचे हात वातीवर थांबले. डोळ्यांत दिसत काहीच नव्हतं तिला, तरी तिनं तोंड माझ्याकडे वळवलं.

"कोणाले सांगितलं होतं?"

"बाबांना," मी म्हटलं. आणि मग, थांबून, "अन् मला."

परसात कावळे ओरडायला लागले होते. आत्यानं मांडीवरची टोपली चाचपली. त्यात वळलेलं सूत होतं, गुंडेच्या गुंडे, देवाच्या नावानं रोज काढलेलं. तिनं त्याचा एक गुंडा उचलला, मुठीत धरला.

"सूत तर माझ्याच हातात होतं वो पोरी," ती म्हणाली. "इथंच बसली होती मी. मले विचारलं असतं तर मीच वळून दिलं असतं."

मी हमसून हमसून रडायला लागले. ती उठून माझ्याजवळ आली, माझ्या थंड खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मग खाली वाकून हळूच म्हणाली, "मले समजलं हे त्याले सांगू नको. त्याले अजून जगायचं आहे. तुले वाढवायचं आहे त्याले."

अकरा वर्षांची असताना मला दोघांनी दोन गोष्टी सांगू नको म्हणून सांगितल्या. दोन्ही मी पाळल्या. बाबा पुढे पुष्कळ जगले. सभांना जायचे बंद झाले, का ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बंबाच्या नळाला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही, त्यांच्यापुरतं पाणी मीच काढून द्यायची.

आता माझ्या घरात भिंतीवर गरम पाण्याचं यंत्र बसवायचं चाललंय. सून दोन चित्रं दाखवून विचारते, टाकीचं घेऊ की चालू केल्याबरोबर तापणारं. घे बाई कुठलंही, मी म्हणते, फक्त पहिली आंघोळ तुझी होऊ दे. तिला वाटतं म्हातारी लाडानं बोलते.

पण त्या चौदाव्या दिवसाचं सांगायचं राहिलं. मी बंब पेटवला. पाणी तापलं. नळ पिरगाळला आणि त्या चामड्याच्या चकतीतून आलेल्या कढत पाण्यानं रडत रडत आंघोळ केली. मग आत जाऊन आत्याचा भात चढवला, पान मांडलं, तिला हाताला धरून पाटावर बसवलं. मला वाटलं होतं घास तिच्या घशाखाली उतरणार नाही.

आत्यानं तो भात खाल्ला. सगळा.